कळंबची सून पुन्हा आभाळात

कळंब म्हटले की लोक हमखास विचारतात, "कोणते हो? चिंतामणीचे का?" मैत्रिणींनो, चिंतामणीचे कळंब यवतमाळ जिल्ह्यात. आमचे कळंब धाराशिव जिल्ह्यातले, मांजरा नदीच्या काठचे. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. गाव तालुक्याचे. कोर्ट आहे, कचेरी आहे, बाजार समिती आहे. सुगीच्या दिवसांत सोयाबीन, तूर नि हरभऱ्याच्या पोत्यांनी आडत दुकाने ओसंडून वाहतात. नदी म्हणाल तर लहरी. तिच्यावरचे धरण खाली धनेगावला आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ते आटले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते तुम्ही वाचले असेलच. अशा या गावात मी 1994 साली सून म्हणून आले. पाटावर बसून वरण-पुरणाचा नैवेद्य दाखवते, यजमानांच्या आडत दुकानाचा डबा भरते, चार बायकांत भिशी चालवते. तुमच्यासारखीच मी एक.

आणि गेल्या डिसेंबरात नव्हे, त्याच्या मागच्या, म्हणजे 2024 च्या डिसेंबरात, मी विमानातून उडी मारून आले!

दचकलात ना? आमच्या गल्लीतही असेच झाले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ती माझी पहिली उडी नव्हती. सहावी होती. पाचवी आणि सहावी यांच्यामध्ये बत्तीस वर्षे गेली, एवढेच.

आधी त्या पाच उड्यांचे सांगते. 1992 साली मी कॉलेजात होते आणि एन.सी.सी.त होते. माहेर अंबाजोगाईचे. आमच्याकडे तेव्हा मुलीने सायकल चालवली तरी शेजारपाजारच्या खिडक्या उघडत. पण वडील शिक्षक होते, त्यांनी एन.सी.सी.ला नाही म्हटले नाही. शिबिरामागून शिबिरे झाली, निवड होत गेली आणि शेवटी नाव आले ते आगऱ्याच्या छत्रीउडीच्या वर्गासाठी. आगऱ्याला हवाईदलाची छत्रीधारी सैनिकांना शिकवणारी शाळा आहे. ताजमहाल बघायला गेलेल्या माणसाला तिचा पत्ताही नसतो.

तिथे आम्हाला पहिले काही दिवस विमान दाखवलेसुद्धा नाही. जमिनीवरच सगळे. वाळूच्या खड्ड्यात ओट्यावरून उड्या, पुन्हा उड्या. पाय नि गुडघे घट्ट जुळवायचे, हनुवटी छातीला लावायची आणि जमिनीला पाय लागले की उभे राहण्याची हौस न करता एका कुशीवर गडगडायचे. आधी पोटरी, मग मांडी, मग कंबर, मग पाठ. मार सगळ्या अंगाला वाटून द्यायचा म्हणजे एका हाडावर येत नाही. ओरडून ओरडून उस्तादांचा घसा बसे: "पाय-गुडघे एकत्र!" रात्री झोपेतही आम्ही मुली पाय जुळवून झोपत असू.

मग एका पहाटे विमान. मालपुऱ्याच्या माळावर, साधारण साडेबाराशे फुटांवरून. ती छत्री आपण उघडायची नसते, बरं का. छत्रीला जोडलेला एक लांब पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. आपण बाहेर पडलो की तो पट्टाच छत्री ओढून उघडतो. आपण फक्त चारपर्यंत मोजायचे. चार मोजूनही वर घुमट दिसला नाही तर छातीवरची दुसरी छत्री ओढायची. लाल दिवा लागतो, हिरवा लागतो, पाठीवर थाप बसते आणि विचार करायला वेळच उरत नाही. चार मोजले, वर पाहिले तर गोल घुमट उघडलेला! विमानाचा तो कानठळ्या बसवणारा आवाज एकाएकी थांबला आणि इतकी शांतता झाली की खाली कुठेतरी कुत्रे भुंकलेले मला ऐकू आले. ते कुत्रे मी आजतागायत विसरले नाही.

पाच उड्या झाल्या. छातीवर पंखांचा बिल्ला लागला. घरी आले तेव्हा आईने दृष्ट काढली.

मग वर्ष-दीड वर्षात स्थळे येऊ लागली. एके संध्याकाळी वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, ते उडीचे प्रमाणपत्र पाहुण्यांपुढे काढू नकोस. विमानातून पडलेली पोर म्हणजे हाडबिड मोडले असेल असे म्हणायचे कोणी." ते रागाने म्हणाले नाहीत, काळजीने म्हणाले. मीही मान हलवली. बिल्ला गेला बटणांच्या डब्यात. लग्न होऊन कळंबला आले तेव्हा तो डबा बरोबर आला, पण झाकण लावूनच. तुमच्यापैकी कितीजणींच्या बटणांच्या डब्यांत असे काही ना काही असेल! कुणाची कबड्डीची ढाल, कुणाचे गाण्याच्या परीक्षेचे प्रमाणपत्र. हो की नाही?

बत्तीस वर्षे मी उडीचे नाव काढले नाही. पण विसरले होते म्हणाल तर तसेही नाही. आमच्या तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरी देवीचा डोंगर आहे. आम्ही तिला प्रेमाने येडाई म्हणतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईत येते आणि वाटेत लाखो माणसे वाकून जमिनीतली चुनखडी वेचतात. एरवी पांढरपेशा म्हणून मिरवणारी माणसेही तिथे धुळीत बसतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंनी मला ओटी भरायला नेले तेव्हा पायऱ्या चढून वर गेले आणि मागे वळून खाली पाहिले. ज्वारीची हिरवी शेते, त्यांतून गेलेली सडक, मुंगीएवढी एस.टी. मनात पहिला विचार काय आला असेल? "हे काही साडेबाराशे फूट नाही." मग देवीपुढे ओशाळून हात जोडले. पुढे दरवर्षी जात राहिले आणि दरवर्षी मनातल्या मनात उंची मोजत राहिले. ते मी कोणाला सांगितले नाही.

डब्याचे झाकण उघडले ते लेकीने. पुण्याहून सुट्टीला आली होती, ब्लाऊजचे बटण शोधत होती. "आई, हे काय ग?" मी सांगितले. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पुन्हा मारशील?"

मी हसून टाळले. पण रात्री झोप आली नाही.

लेक गेल्यावर मी आपली वाचायला लागले. या वाटेवरून बायका कधीच्या चालत आल्या आहेत, हे मला आगऱ्यालाही कोणी नीटसे सांगितले नव्हते. हवाईदलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी 1959 साली छत्रीउडी घेतली, आपल्या देशातली ती पहिली बाई. रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचल थॉमस यांनी 2002 साली उत्तर ध्रुवावर सात हजार फुटांवरून उडी घेतली. त्यांना 2005 साली पद्मश्री मिळाली. आणि आपल्या पुण्याच्या शीतल महाजन तुम्हाला ठाऊक असतीलच. त्यांनी 18 एप्रिल 2004 ला आयुष्यातली पहिलीच उडी घेतली ती थेट उत्तर ध्रुवावर! सरावाची एकही उडी नाही आणि थंडी शून्याखाली सदतीस अंश. दोन वर्षांनी, डिसेंबर 2006 मध्ये, त्यांनी दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकावर उडी घेतली. 2011 साली पद्मश्री मिळाली. पुढे जुळ्या मुलांची आई झाल्यावरही त्या उडत राहिल्या. 2018 साली थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली. तुम्ही-आम्ही नऊवारी नेसून हळदीकुंकवात दोन तास वावरायचे म्हटले तरी दहा ठिकाणी पिना लावतो. वाऱ्याच्या त्या झोतात निऱ्या जागच्या जागी ठेवायच्या म्हणजे काय, हे बाईलाच कळेल. 2023 च्या नोव्हेंबरात त्यांनी एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून उडी घेतली.

पण त्या कधी थांबल्याच नव्हत्या. मी थांबले होते, बत्तीस वर्षे. थांबलेल्या माणसाने परत कसे जायचे?

मैत्रिणींनो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक गोष्ट कळली आणि ती उडीपुरती नाही. या खेळात दांडी मारणाऱ्यांसाठी नियम असतात. अमेरिकेतल्या छत्रीउडीच्या संघटनेचा दंडक पाहा. सुरुवातीचा परवाना असलेल्याने साठ दिवस उडी घेतली नाही तर त्याला पुन्हा शिक्षकाबरोबर उडी घ्यावी लागते. त्याच्या वरच्या परवान्याला नव्वद दिवस, आणि शेकडो उड्या घेतलेल्या वाकबगारांनाही सहा महिने. कितीही मोठा उस्ताद असला तरी सहा महिन्यांनी त्याला पुन्हा विचारतात: दारातून बाहेर कसा पडशील? उंची कशी बघशील? मोठी छत्री उघडली नाही तर कोणता हात आधी जाईल? पट्ट्यांना टांगून घेऊन त्याच्याकडून ते करवूनही घेतात. यात अपमान नाही. हिंमत कुठे जात नसते, पण हाताची सवय जाते आणि संकटात सवयच धावून येते. सहा महिन्यांची ही गत, तर बत्तीस वर्षांची बाई कोऱ्या पाटीनेच जायला हवी, हे मी मनाशी पक्के केले.

म्हणून ठरवले, पहिली उडी शिक्षकाला बांधून घ्यायची. तिला जोडउडी म्हणतात. आपल्या पाठीशी शिक्षक, चार ठिकाणी कड्यांनी जोडलेला. छत्री त्याच्या पाठीवर.

आधी डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब, हृदयाचा आलेख, हाडांची घनता, सगळे तपासून घेतले. पन्नाशीनंतर आपल्या बायकांची हाडे कशी होतात ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, फिट्स येतात, पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आहे किंवा दिवस गेले आहेत त्यांनी या वाटेला जाऊच नये. साधी सर्दी असली तरी उडी पुढे ढकलावी, कारण झपाट्याने खाली येताना कान भयंकर दुखतात. वजनालाही मर्यादा असते. माझे जास्तच होते. सहा महिने रोज पहाटे मांजरेच्या पुलापर्यंत चालत गेले, भात एक वेळचा केला, जिन्याच्या पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करत राहिले. पहिल्या महिन्यात गल्लीतल्या बायका विचारत, "मधुमेह निघाला काय हो?"

यजमानांना सांगायचे सगळ्यात अवघड गेले. ते जेवत होते. ऐकून त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "वय काय आपलं?" मी म्हटले, "बावन्न." पुढे दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी दुकानातून आले आणि म्हणाले, "तिकिटं दोन काढ. मी खाली उभा राहीन." उडीसाठी भिशीचे पैसे दोन वर्षांचे जमले होते, त्यांना हात लावावा लागला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

हरियाणात नारनौल नावाचे गाव आहे. तिथून जवळच बाछौदच्या धावपट्टीवर उड्या होतात. कळंबहून एस.टी.ने पुणे, पुण्याहून रेल्वेने दिल्ली, दिल्लीहून मोटारीने तिथे. पोहोचलो तर वारा! वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की कोणाला वर नेत नाहीत, मग तुम्ही किती लांबून आला असा. दोन दिवस तसेच गेले. पण ते वाया गेले नाहीत. नारनौल मोठे जुने गाव. शेरशहा सुरीच्या आजोबांची, इब्राहिमखानाची कबर तिथे आहे. नातवाने बांधलेली ही दगडी घुमटाची इमारत बघण्यासारखी आहे. तलावाच्या मधोमध शाह कुली खानाचा जलमहाल आहे. तो सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधला. सभोवार मोहरीची शेते, अजून हिरवीच, कुठेकुठे पिवळे ठिपके. खानावळीत बाजरीची भाकरी आणि लोणी मिळाले. यजमान म्हणाले, "आपल्याकडची ज्वारी यांना कोणीतरी दाखवली पाहिजे." त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला, हे माझ्या लक्षात आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला.

अंगावरचे दागिने काढून ठेवा म्हणाले. बांगड्या काढल्या. मग हात गळ्याकडे गेला. मैत्रिणींनो, मंगळसूत्र मी बाळंतपणातसुद्धा काढले नव्हते. वाऱ्यात ते उडून चेहऱ्यावर बसेल, पट्ट्यात अडकेल, हे मला पटत होते. पण हात काही पुढे जाईना. शेवटी यजमानांनीच मागे येऊन फासा सोडला, रुमालात बांधले आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. तोंडाने काही बोलले नाहीत. मीही नाही.

माझा शिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा. मी त्याला आगऱ्याचे सांगितले तर त्याने वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, "आंटी, आता मात्र सगळे विसरा. उतरताना पाय जुळवायचे नाहीत. दोन्ही पाय उचलून समोर धरायचे, खुर्चीवर बसल्यासारखे." मी तीनदा करून दाखवले. तिन्ही वेळा बरोबर!

विमान लहानसे होते. वर चढताना गारठा वाढत गेला. दहा हजार फुटांवर जमिनीपेक्षा वीस अंशांनी तरी थंड असते. शिक्षकाने कड्या आवळल्या. तेव्हा मला जे वाटले ते खरे सांगते. भीती वाटली नाही, वाईट वाटले. आगऱ्याला मी माझी मी दारात उभी राहिले होते. इथे कुणाच्या तरी पोटाशी बांधलेले गाठोडे होऊन चालले होते. हीच का ती उडी, जिच्यासाठी बत्तीस वर्षे मी येडाईच्या पायऱ्यांवर उंची मोजली?

दार उघडले. खाली शेतांचे तुकडे, गोधडीला लावलेल्या ठिगळांसारखे. आणि मग आम्ही बाहेर.

पाळण्यात बसल्यावर पोटात जो गोळा उठतो तो इथे उठत नाही. विमान आधीच वेगात पुढे जात असते, त्यामुळे आपण त्या वेगातून हळूहळू खालच्या वेगात वळतो. पडतो आहोत असे वाटतच नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा वारा अंगाखाली भरतो आणि त्या वाऱ्यावर आपण पालथे निजलेलो असतो. गाल फडफडतात, तोंड बंद राहत नाही, आवाज तर असा की आपले ओरडणे आपल्यालाच ऐकू येत नाही. हा अनुभव आगऱ्याला नव्हता. तिथे चार मोजेपर्यंत छत्री उघडलेली असे. इथे जेमतेम अर्धे मिनिट, पण ते अर्धे मिनिट मी अजून पुरवून पुरवून वापरते आहे.

मग छत्री उघडली. आता छत्र्याही बदलल्या. आमची गोल होती, वारा नेईल तिकडे जाणारी. ही लांबट चौकोनी, हवेने फुगणारी, विमानाच्या पंखासारखी. मनगटावर उंची दाखवणारे घड्याळ असते. माणूस शुद्ध हरपला तरी ठरलेल्या उंचीवर दुसरी छत्री आपोआप उघडणारे यंत्रही असते. छत्री उघडताच वारा थांबला आणि ती शांतता परत आली. तीच! मी कान देऊन ऐकले. कुत्रे काही भुंकले नाही. पण खाली कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज वर आला.

"आंटी, घ्या," म्हणून शिक्षकाने दोन दोऱ्यांच्या मुठी माझ्या हातांत दिल्या. डावी ओढली की डावीकडे वळते, उजवी ओढली की उजवीकडे. मी डावीकडे वळवले. मग उजवीकडे. आख्खे क्षितिज माझ्या हाताने फिरले. गाठोडे म्हणून वर गेलेली बाई पाच मिनिटे तरी स्वतःच्या हाताने आभाळातून चालली. सगळे वाईट वाटणे तिथेच गळून पडले.

आता फजिती ऐका. जमीन जवळ आली. शिक्षक कानाशी म्हणाला, "पाय वर!" आणि माझ्या पायांनी काय केले? घट्ट जुळले! पाय-गुडघे एकत्र, हनुवटी छातीला! आगऱ्याच्या उस्तादांनी बत्तीस वर्षांपूर्वी शिकवलेले पायांनी जसेच्या तसे करून दाखवले आणि आम्ही दोघे गवतात आडवे झालो. शिक्षकाला काही झाले नाही. माझा घोटा मुरगळला. चूक सगळी माझीच. कोऱ्या पाटीने जायचे म्हणून निघाले होते, पण पाटी पुसलीच गेली नव्हती. जुने शिक्षण आपल्या अंगात कुठे दडून बसलेले असते ते वेळ आल्यावर कळते, हे मात्र खरे. यजमान धापा टाकत आले तेव्हा मी गवतात पडून हसत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, मंगळसूत्र गळ्यात बांधले. लग्नात बांधले तेव्हा हात थरथरले नव्हते, तेवढे या वेळी थरथरले.

कळंबला आले ती लंगडतच. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. "दिल्लीकडे फिरायला जातो" एवढेच त्यांना सांगितले होते. त्यांनी काही न विचारता आंबेहळद नि तुरटी उगाळून गरम लेप घातला. दोन दिवस मी गप्प.

30 डिसेंबरला येळवस आली. तुमच्याकडे हा सण नसेल. लातूर आणि धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळे गाव शेतात जाते. बाजारपेठ ओस पडते, रस्त्यावर चिटपाखरू नसते. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडून पुजायचे, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर नि माठातली आंबिल यांचे वनभोजन. ओळखीचा असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचे. भज्जी म्हणजे तुमची कांदाभजी नव्हेत हो. वाल, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, तूर, मेथी, चिंचेचा कोळ नि बेसन घालून शिजवलेली ती दाट भाजी असते. एकदा खाऊनच बघा.

कोपीशेजारी सगळ्या बायका बसल्या होत्या. लेकीने येऊन उडीचे चित्र फोनवर दाखवले आणि एकच गलका झाला. सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "वरून पडायचं, अन् पैसं बी आपुनच द्यायचं व्हय?" सगळ्या खो खो हसल्या.

हसणे थांबल्यावर मी म्हटले, "आत्याबाई, भीती वाटली असती तुम्हाला, म्हणून नाही सांगितलं."

त्या म्हणाल्या, "भ्या कशाचं? किल्लारीचा भूकंप झाला तवा ही भुईच हालली. दोन म्हैनं अंगणात निजलो आम्ही. भुईचा तरी काय भरवसा, बाई?" 1993 च्या सप्टेंबरची ती रात्र आमच्या भागात कोणी विसरलेले नाही.

मग मी लग्नाआधीचे सगळे सांगितले. आगरा, पाच उड्या, बिल्ला, वडिलांचे बोलणे. त्या ऐकत राहिल्या. शेवटी माझ्या दुखऱ्या घोट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तीस वर्सं झाली या घरात येऊन. तू कधी बोललीसच न्हाईस. म्या कधी नगं म्हणलं असतं का, ते मला बी ठावं न्हाई. पर इचारायचं तरी."

मी काय उत्तर देणार? मला घरात कोणी अडवले नव्हते. अडवतील म्हणून मीच झाकण लावून बसले होते. कदाचित 1994 साली विचारले असते तर नकारच आला असता. पण 2004 साली? 2014 साली? दरवर्षी विचारता आले असते. मी विचारलेच नाही.

मैत्रिणींनो, मी तुम्हाला विमानातून उडी मारा म्हणत नाही. ज्याची त्याची प्रकृती, ज्याची त्याची हौस. पण बटणांचा डबा एकदा उघडून बघा. जे काही निघेल त्याकडे कोऱ्या पाटीने जा. आधी डॉक्टर, मग सराव, मग शिक्षक म्हणतील तसे. पहिल्याच वेळी पूर्वीसारखे जमणार नाही, घोटा मुरगळेल. आणि घरात विचारा. नाही म्हणाले तर निदान नाही म्हणाल्याचे कळेल.

माझा घोटा आता बरा आहे. मांजरेच्या पुलापर्यंतचे चालणे पुन्हा सुरू केले आहे. पुढच्या खेपेला स्वतःच्या पाठीवर छत्री घ्यायची तर पूर्ण वर्गच करावा लागेल, जमिनीपासून. चैत्रात येडाईला गेले होते. पायऱ्या चढून वर पोहोचल्यावर सासूबाईंसाठी चुनखडीचा खडा पदरात बांधला आणि सवयीने खाली पाहिले. शेजारी उभ्या असलेल्या यजमानांनी विचारले, "किती असेल हो हे, फूट?"

पहिल्यांदाच मी मोठ्याने सांगितले.